आधी खोली, मग ग्राफिक्स कार्ड

२०२५ संपता संपता रॅमच्या भावाने गेमिंग पीसीचं सगळं गणित विस्कटून टाकलं. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी बनवण्यात कंपन्यांना जास्त पैसा दिसू लागला, घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याचा माल आटला आणि काही महिन्यांत डीडीआर५ रॅमची किंमत दुपटीच्या वर गेली. डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला किरकोळ धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ही तेजी चार दिवसांची नाही हे सगळ्यांनाच कळून चुकलं. बजेट ठरलेलं, त्यात रॅमने असा खड्डा पाडलेला. तो भरायचा कुठून? प्रोसेसरला हात लावायचा नसतो, ग्राफिक्स कार्डाला तर नाहीच. मग कात्री चालते ती एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट आणि मॉनिटर यांच्यावर. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे की भाईंदर पूर्वेच्या गोडदेवसारख्या ठिकाणी राहणाऱ्याने नेमकी हीच काटकसर करू नये. पीसीचे भाग निवडताना सुरुवात खोलीपासून करावी. तिथली हवा, तिथलं वायरिंग, तिथला मॉनिटर पाहावा. कार्डाचा नंबर त्यानंतर लागतो.

कुठल्याही असेंबल्ड पीसीचं कोटेशन हातात घेऊन पाहा. कागद ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरचा असो (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; पण संगणकाच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे) की भाईंदर स्टेशनजवळच्या एखाद्या दुकानातला. प्रोसेसरच्या ओळीत कंपनी, मालिका, आकडे, शेवटची अक्षरं सगळं जसंच्या तसं. ग्राफिक्स कार्डाच्या ओळीत चिप कुणाची, कार्ड कुणी बनवलं, मेमरी किती, पंखे दोन की तीन, सगळा तपशील. आणि खाली एसएमपीएसच्या ओळीत नुसतं ‘४५० वॉट’. ना कंपनी, ना मॉडेल. स्वस्तातल्या बऱ्याच कॅबिनेटांत तर एसएमपीएस आतच बसवून येतो, त्यामुळे ती ओळसुद्धा कागदावर नसते. ज्या भागातून बाकी सगळ्या भागांना वीज पोचते त्याचं नाव विचारायची पद्धतच आपल्याकडे पडली नाही. दुकानदाराला यात सरसकट दोष देता येत नाही. गिऱ्हाईक जे विचारतं ते तो लिहितो, आणि गिऱ्हाईक विचारतं ते यूट्यूबवरच्या तक्त्यात जे दिसतं ते.

ते तक्ते खोटे नसतात. पण ते दुसऱ्याच खोलीतले असतात. परीक्षण करणारे बहुतेक जण वातानुकूलित खोलीत, वीस-बावीस अंशांत, अनेकदा कॅबिनेटविना उघड्या टेबलावर यंत्र मांडून आकडे घेतात. एकाची दुसऱ्याशी तुलना नीट व्हावी म्हणून तेच योग्यही आहे. प्रोसेसर तपासताना सोबत सर्वांत महागडं कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे कार्ड आड येत नाही आणि प्रोसेसरांमधला फरक उठून दिसतो. हा तपासणीचा डाव आहे. आपण मात्र तो खरेदीचा सल्ला समजून वाचतो आणि मध्यम कार्डासोबत गरजेपेक्षा दीडपट महाग प्रोसेसर घेऊन बसतो. मग पडद्यावर फरक दिसत नाही, कारण अडलेलं असतं कार्ड. तापमानाचंही तसंच. पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोली दहा अंशांनी गरम असेल तर चिपही साधारण तेवढीच वर चढते. बावीस अंशांत सत्तरवर थांबणारं कार्ड आपल्याकडच्या मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात ऐंशीच्या पुढे जातं. मग पंखे किंचाळू लागतात, आणि तरी भागलं नाही तर कार्ड स्वतःच आपला वेग उतरवतं. म्हणजे तक्त्यात पाहून ज्या चार-पाच फ्रेमसाठी वरचं कार्ड घेतलं, त्या फ्रेम कोंदट कॅबिनेटमध्ये परत जातात.

आता गोडदेवची खोली पाहू. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. त्या सुमारास आणि पुढच्या दशकात भाईंदर पूर्वेला ज्या इमारती उठल्या, त्यांचं वायरिंग ट्यूबलाइट, पंखा, टीव्ही आणि फ्रिज एवढ्याच हिशेबाने झालं. घर वन रूम किचन किंवा वन बीएचके, संगणक हॉलच्या कोपऱ्यात, आणि त्याच एका सॉकेटवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून राउटर, मॉनिटर, स्पीकर, मोबाइलचा चार्जर. अर्थिंग कागदोपत्री असतं. बोर्डापर्यंत पोचलेलं असतंच असं नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला किंवा मागच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या येतात, त्याला घरोघरी ‘थोडा करंट मारतो’ म्हणून सोडून देतात. ते असं होतं: एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. ते अत्यल्प प्रवाह पत्र्याकडे सोडतात आणि तो अर्थच्या तारेने निघून जावा अशी योजना असते. तारच नसेल तर पत्रा पुरवठ्याच्या जवळजवळ निम्म्या दाबावर तरंगत राहतो. माणसाला झिणझिणी येते एवढंच, पण मॉनिटरची केबल किंवा पेन ड्राइव्ह खोचताना तोच दाब पोर्टवर जातो. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या एका पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्यायला काहीशे रुपये लागतात. पीसीच्या खर्चात ही ओळ मी सर्वांत वर लिहीन.

हवेचं प्रकरण याहून चिवट. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, आजूबाजूला मिठागरं. वर भाईंदर पूर्वेतल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांची आणि न संपणाऱ्या बांधकामांची धूळ. जुलै-ऑगस्टच्या दमट, खारट हवेत धूळ नुसती साचत नाही, ती चिकटते. पावसाळ्यात पीसी सुरू होईनासा झाला की दुरुस्तीवाला पहिली गोष्ट काय करतो? रॅमची पट्टी काढतो, तिची सोनेरी दातेरी कड खोडरबराने घासतो, पुन्हा बसवतो, आणि बहुतेकदा यंत्र सुरू होतं. ही युक्ती चालते याचाच अर्थ हवा धातूवर थर धरते आहे. त्यात आपल्या सुतारांनी बनवलेली ती खास संगणक-टेबलं! उजव्या पायाशी ‘सीपीयू’ ठेवायला तीन बाजूंनी प्लायवूडने बंद असलेला कप्पा असतो. पूर्वीचा ऑफिसचा संगणक त्यात निभावून गेला. गेमिंग पीसी त्यात स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत ओढत राहतो. म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचं हवं, जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर हवा, आणि आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त हवेत. म्हणजे धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडते. पुढून बंद काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट दुकानात सुंदर दिसतं. ते ज्याने बनवलं त्याच्या डोळ्यांसमोर भाईंदरचा मे महिना नव्हता.

एसएमपीएसबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण फसगत इथेच सर्वांत जास्त होते. डब्याच्या बाजूला एक लेबल असतं. त्यावर मोठ्या अक्षरातला ‘४५०’ वाचून पुढे जाऊ नये, खालचा तक्ता वाचावा. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही बारा व्होल्टवर जगतात. त्यामुळे +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत तेवढंच खरं. तिथे १६ अँपिअर असेल तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॉट. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात, त्यांचा गेमिंगला काडीचा उपयोग नाही. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी ताकद बारा व्होल्टवरच मिळते. दुसरी गोष्ट ‘एटी प्लस’च्या शिक्क्याची. तो शिक्का असावा, पण तो काय सांगतो तेही माहीत असावं: ठरावीक भारावर किती टक्के वीज वाया जात नाही, एवढंच; आणि ती चाचणीही साधारण २३ अंशांत होते. शॉर्ट झाल्यावर एसएमपीएस बंद पडतो का, दाब वाढला तर बोर्ड वाचवतो का, यातलं काहीच शिक्क्यात येत नाही. आतले कपॅसिटर ८५ अंशांचे आहेत की १०५ अंशांचे, यावर त्याचं आयुष्य ठरतं. कपॅसिटर दहा अंशांनी जास्त तापला की त्याचं वय साधारण निम्मं होतं, असा या व्यवसायातला ढोबळ नियम आहे. गरम प्रदेशात हा फरक वर्षांत मोजला जातो.

‘नाव मोठं असलं की झालं’ हेही पुरेसं नाही. करोनाकाळात ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला तेव्हा अमेरिकेत कार्डासोबत एसएमपीएस गळ्यात मारले जात होते. त्यातल्या गिगाबाइटच्या दोन मॉडेलांबद्दल इतक्या तक्रारी आल्या, तपासणी करणाऱ्यांच्या टेबलावर त्यांचा इतका धूर झाला, की २०२१ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने ठरावीक सीरियल नंबरांचे नग बदलून देण्याची घोषणा केली. म्हणून ब्रँडवर न थांबता मॉडेलचं नाव पाहायचं, त्या मॉडेलची कुणी उघडून तपासणी केली आहे का ते पाहायचं आणि वॉरंटी किती वर्षांची ते विचारायचं. बनवणारा स्वतःच्या मालावर पाच-सात वर्षं पैज लावायला तयार आहे की एकच वर्ष, यातून बरंच कळतं.

याच्यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. गेम खेळतं कार्ड. एसएमपीएसने फ्रेम वाढत नाहीत. दोन-तीन हजार तिकडे वळवले की कार्ड एक पायरी खाली येतं, मग गेमिंग पीसी म्हणायचं कशाला? याला माझं उत्तर असं की पायरी खाली येण्याने नेमकं काय गमावतो ते मॉनिटर ठरवतो, आणि मॉनिटरकडे कुणी पाहिलेलं नसतं. फुल एचडी पडद्यावर एका चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि फोरकेवर ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. कार्डाला कष्ट पडतात ते या ठिपक्यांचे. स्टीमच्या मासिक पाहणीत अजूनही निम्म्याहून अधिक खेळाडू फुल एचडीवरच खेळताना दिसतात. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत, टेबलापासून दोन फुटांवर बसून चोवीस इंची पडद्यावर तेच शहाणपणाचं आहे. तिथे मधल्या फळीतलं कार्ड पुरून उरतं. उलट, घरातला जुना साठ हर्ट्झचा मॉनिटर तसाच ठेवून त्याच्यामागे जाडजूड कार्ड लावायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तो पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवणार, दर १६.७ मिलिसेकंदाला एक. कार्डाने दोनशे काढली तरी पडदा साठच दाखवणार. १४४ हर्ट्झवर हेच अंतर सात मिलिसेकंदांच्या आत येतं आणि ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणाऱ्याला ते हाताला जाणवतं. साठ हर्ट्झवरही जास्त फ्रेमने माऊसचा विलंब थोडा कमी होतो असं मुरलेले खेळाडू म्हणतात, आणि ते खरं आहे. पण तेवढ्यासाठी कार्डावर उडवायचे पैसे मॉनिटरवर घातले तर फायदा कितीतरी मोठा. आणि हे दोन्ही खेळ कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात, हे वेगळंच.

कार्ड निवडताना वॉटही पाहावेत. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० कार्डाला १७० वॉट लागायचे. २०२३ च्या ४०६० ने त्याहून जास्त काम ११५ वॉटमध्ये केलं. २०२५ चं ५०६० पुन्हा १४५ वर गेलं. आणि शिखरावरचं ५०९०? ५७५ वॉट. युरोपातल्या हिवाळ्यात एवढ्या विजेची उष्णता कुणाला नको होईलच असं नाही. आपल्याकडे मध्यम गेमिंग पीसी खेळताना मॉनिटरसकट तीनशे वॉटच्या आसपास ओढतो आणि ती सगळीच्या सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत राहते. शांत बसलेला माणूस शंभर वॉट सोडतो असं धरलं, तर बंद खोलीत आणखी तिघं जण येऊन बसल्यासारखं. यावर ‘एसी लावू’ हे उत्तर तयार असतं. लावावा, ज्याला परवडतो त्याच्यासाठी माझा निम्मा युक्तिवाद तिथेच संपतो. पण महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. रोज चार तास खेळलं तर एकटा पीसीच महिन्याला ३६ युनिटं खातो. त्यावर एसी आला की १०० किंवा ३०० युनिटांची रेघ ओलांडली जाते आणि वरची युनिटं महाग पडतात. बिल भरणारे आई-वडील खेळत नसतात. शिवाय एसीने अर्थिंग होत नाही, की लेबलावरचे १६ अँपिअर वाढत नाहीत.

विजेच्याच ओघात यूपीएसचं सांगून टाकतो. घरात आधीपासून असलेला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, तोही बॅटरी नवी असताना. खेळताना वीज गेली तर त्यावर गेम पुरा होणार नाही, सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळेल. यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात यंत्र तगवायचं काम एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरचं असतं, आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये सर्वांत आधी छाटला जातो तो हाच कपॅसिटर. मग ‘यूपीएस असूनही पीसी रीस्टार्ट होतो’ म्हणून लोक यूपीएस बदलतात.

दुसरा आक्षेप असा की एवढी यातायात करण्यापेक्षा प्लेस्टेशन घ्यावं. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आलं, आणि ज्याला फक्त टीव्हीसमोर बसून खेळायचंय त्याने ते जरूर घ्यावं. पण ते उघडून पाहिलं तर ते माझ्याच बाजूने साक्ष देतं. सोनीने त्यात ३५० वॉटचा पुरवठा बसवला आणि थंडाव्यासाठी १२० मिलिमीटर व्यासाचा, ४५ मिलिमीटर जाडीचा एक भलामोठा पंखा दिला. ते धूड इतकं मोठं दिसतं ते बरंचसं या थंडाव्यापायी. वीज आणि हवा यांचा हिशेब कंपनीने चिपइतकाच गंभीरपणे केला. पीसी बसवणारा मात्र हे काम शेवटी उरलेल्या पैशांवर सोडतो. गेमिंग लॅपटॉपचा आग्रह धरणारेही आहेत. हॉस्टेल आणि घर अशा फेऱ्या असतील तर लॅपटॉपला पर्याय नाही. पण तीच उष्णता इंचभर जाडीत कोंबलेली असते, आणि तीन वर्षांनी कार्ड जुनं झालं की सगळा लॅपटॉपच जुना होतो.

पीसीचा खरा लाभ इथेच आहे आणि घाईत तोच हातचा जातो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा २०१७ मधला बोर्ड घेतलेल्याला पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, फक्त बायॉस अपडेट करून त्यावर ५८००एक्स३डी हा नवा प्रोसेसर बसवता आला. त्या काळात इंटेलचे सॉकेट बदलत राहिले. आज एएम५ बोर्ड घेणाऱ्याला कंपनीने २०२७ आणि पुढेही साथ देण्याचा शब्द दिला आहे. कार्ड दर तीन-चार वर्षांनी बदललं जाणारच. पण नीट निवडलेला एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट आणि मॉनिटर दोन-तीन कार्डांना पुरतात. तेव्हा रॅमच्या या तेजीत पैसे खरोखरच कमी पडत असतील तर कापायचं ते नंतर भरून काढता येईल असं कापावं. ३२ जीबीऐवजी १६ घ्यावी. दोन पट्ट्यांत घेतली तर वेग टिकतो, आणि चार स्लॉटचा बोर्ड असेल तर पुढे जागाही उरते. एक टीबीऐवजी अर्ध्या टीबीची एसएसडी चालेल. कार्ड एक पायरी खालचं चालेल. पाण्याच्या कूलरऐवजी साधा टॉवर कूलर घ्यावा, मध्यम प्रोसेसरला तो भरपूर होतो.

जुन्या मालाचंही याच न्यायाने पाहावं. वापरलेला प्रोसेसर बिनधास्त घ्यावा, तो सहसा बिघडत नाही. मॉनिटर समोर चालवून, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर ठिपके तपासून घ्यावा. कार्ड घेताना निदान अर्धा तास गेम चालवून तापमान पाहावं, मूळ पक्कं बिल मागावं आणि सीरियल नंबर बिलाशी जुळवावा, कारण आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी डिस्ट्रिब्युटरमार्फत त्याच नंबरावर चालते. परस्पर बाहेरून आणलेल्या कार्डाचं गोडदेवहून लोकलने मुंबईत खेटे घालूनही कुणी काही करत नाही. एसएमपीएस मात्र कुणी फुकट दिला तरी वापरलेला घेऊ नये. तो किती वर्षं कसल्या विजेवर चालला, आतले कपॅसिटर किती सुकले, हे बाहेरून दिसत नाही, आणि तो जाताना एकटा जाईलच याची खात्री नसते.